सोवळे सोडून पाहिलेली आगगाडी

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. घरी आगगाडीची प्रतिकृती मांडण्याचा छंद असल्यामुळे मी तेथे बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा जाऊन आलो होतो आणि नाक मुरडून बाहेर पडलो होतो. दोष संग्रहालयाचा नव्हता, माझ्या सोवळेपणाचा होता. एकाच मांडणीत वाफेचे इंजिन, बुलेट ट्रेन आणि डोक्यावरच्या रुळाला लोंबकळत धावणारी गाडी पाहून, हे नेमके कोणत्या देशातले आणि कोणत्या सालातले शहर आहे, या एकाच प्रश्नावर मी तेव्हा अडून बसलो होतो. अलीकडे भाच्याला घेऊन पुन्हा गेलो आणि मत साफ बदलले.

मांडणी म्हणजे एक अख्खे काल्पनिक शहर आहे. त्यात रस्ते, उड्डाणपूल आणि सिग्नल तर आहेतच, शिवाय सर्कस, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून चित्रपट पाहण्याचे उघडे चित्रपटगृह आणि डोंगराकडे जाणारा रोपवेही आहे. प्रकाश आणि निवेदनाच्या साथीने खेळ पुढे सरकतो. दिवस मावळतो तसे खोलीतले दिवे मंदावतात, घरांच्या खिडक्या आणि रस्त्यावरचे इवलेसे खांब उजळतात, आणि उजेडाची एक लांब पट्टी अंधारातून वळसा घेत निघून जाते. त्या क्षणी कोणत्या डब्याला कोणता रंग कोणत्या वर्षी लागला, हे आठवत बसण्याइतका उत्साह माझ्यातही उरला नाही. भाच्याने मात्र अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारला, "मामा, सर्कशीला जायचं तर कुठल्या गाडीत बसायचं?" शहर त्याला पटले होते; सालाशी त्याला देणेघेणे नव्हते.

लोंबकळणारी गाडी ही काही कुणाची निव्वळ कल्पना नव्हे. जर्मनीतील वुपर्टाल शहरात अशी गाडी नदीच्या पात्रावरून १९०१ पासून धावते आहे. जपानची बुलेट ट्रेन १९६४ साली आली, तेव्हा वाफेची इंजिनेही जगात भरपूर धावत होती. म्हणजे या तिघी एका गावात कधी भेटल्या नसल्या, तरी एका काळात नांदल्या आहेत. अर्थात, असे पुरावे गोळा करून मांडणीची वकिली करणे हाही सोवळेपणाचाच एक प्रकार झाला, हे मला कळते.

खरी गोम आकड्यांत आहे. घरगुती मांडणीसाठी लोकप्रिय असलेले एचओ हे प्रमाण १:८७ असते आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. गुणाकार केला की युरोपातल्या बहुतेक खऱ्या रुळांमधले १४३५ मिलिमीटरांचे अंतर जवळपास बरोबर येते. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर असल्यामुळे त्यासाठी रूळ १९ मिलिमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर हवेत, पण हा छंद असलेले आपल्याकडचे बहुतेक जण भारतीय डबे मुकाट्याने त्याच १६.५ वर चालवतात. इंग्लंडमधले ओओ प्रमाणवाले १:७६ ची गाडी याच रुळांवर पिढ्यान्‌पिढ्या पळवत आहेत. वळणांचे तर विचारूच नका. टोकियो–ओसाका मार्गावरच्या बुलेट ट्रेनचे मुख्य मार्गावरील किमान वळण २५०० मीटर त्रिज्येचे धरले जाते. ते १:८७ मध्ये प्रामाणिकपणे आणायचे तर जवळपास २९ मीटर त्रिज्या लागेल, आणि तेवढा दिवाणखाना कोथरूडमध्ये कुणाकडे असेल असे वाटत नाही. रुळांपासूनच तडजोड सुरू होत असेल, तर डब्याच्या रंगावरून भांडण्यात फारसा अर्थ राहत नाही.

सूट कोठे घ्यायची नाही, हेही या मांडणीसमोर बसल्यावर कळते, आणि छंद असणाऱ्याने ते मुद्दाम पाहावे. गाड्या ठरल्या जागी थांबतात आणि पुन्हा निघतात. एवढे साधण्यासाठी रूळ सपाट, जोड घट्ट आणि वीजपुरवठा अखंड लागतो. इतिहासाशी मोकळीक आणि चालण्याच्या बाबतीत शिस्त, हा तोल मला माझ्या मांडणीत कधीच जमला नव्हता. मी नेमका उलटा वागत होतो. डब्यावरची अक्षरे भिंगाखाली तपासत होतो आणि गाडी मात्र एक फेरी धड पूर्ण करत नव्हती.

ज्यांना अस्सल इतिहासच हवा आहे, त्यांनी दिल्लीला चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहावे. तेथे खरी इंजिने उभी आहेत. कोथरूडला जाताना लहान मूल सोबत असेल तर उत्तम, नसेल तर आपल्यातला परीक्षक घरी ठेवून जावे.

माझी मांडणी १९८५ च्या मध्य रेल्वेची असल्याने हौसेने घेतलेले एक जर्मन वाफेचे इंजिन तीन वर्षे कपाटात पडून होते. त्या रात्री ते काढले, कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चाकांवरचे काळे पुट पुसले आणि गर्द तांबड्या डब्यांना जोडायला गेलो, तर कपलिंग जुळेना. शेवटी पातळ तारेचा आकडा करून काम भागवले. भाच्याने गाडीचे नाव 'कोथरूड–जर्मनी पॅसेंजर' ठेवले. दुसऱ्या फेरीत शेवटचा डबा सांध्यावर घसरला. तो सांधा सध्या दुरुस्तीसाठी उखडून ठेवला आहे.