समुद्राने खाल्लेले पाच गुंठे सातबारावर तसेच असतात

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत १२ गुंठे घेतले. गुंठ्याला २,७५,००० प्रमाणे ३३,००,०००. इसार ५,००,०००, बाकीचे २८,००,००० खरेदीखताच्या दिवशी. नोंदणी फी ३०,०००, मुद्रांक शुल्क वेगळं. कागद पाहिले नाहीत असं कुणी म्हणू नये. सातबारा, आठ अ, फेरफार, ३० वर्षांचा शोध अहवाल, सगळं स्वच्छ होतं. पण जमीन धुपून गेली तरी सातबारावरचं क्षेत्र आपोआप कमी होत नाही. दलालाने दाखवलेली मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, १९९४ची होती.

जागा दाखवायला त्याने अष्टमीची दुपार निवडली. अष्टमीला बाराच्या सुमारास ओहोटी, शिवाय भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीचं, पाणी वर चढतच नाही. जागा पाहायची तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला, भर दुपारी, उधाणाच्या भरतीत. पश्चिमेचा हद्दीचा दगड वाळूत कलला होता आणि त्याला कालवं, म्हणजे दगडाला चिकटणारे शिंपले, धरली होती. कालवं रोज खारं पाणी लागतं तिथेच धरतात. त्या दगडाला हात लावून फोटो काढला, तरी डोक्यात उजेड पडला नाही! "उधाणाला येतं कधीतरी पाणी," एवढं ऐकून गप्प बसलो. त्याचा संताप अजून जात नाही.

नव्या मोजणीत पाच गुंठे भरतीरेषेखाली निघाले. महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ते सरकारचे. उरलेले सात सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) ३ ब मध्ये, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत, म्हणजे नवं घर नाहीच. "आता ५० मीटर झालंय" हे दलालांचं पालुपद. ती सवलत २०१९च्या अधिसूचनेत फक्त ३ अ ला आहे: २०११च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या भागाला. सर्व्हे नंबर चढवलेला सीआरझेड नकाशा पाहिल्याशिवाय इसाराचा रुपया देऊ नका.

तलाठी म्हणतात मोजणीवाल्यांकडे जा. मोजणीवाले म्हणतात आम्ही फक्त हद्द दाखवतो. निबंधक म्हणतात दस्त नोंदवणं एवढंच आमचं काम. पोलीस ठाण्यात चार खेपा, उत्तर एकच: दिवाणी बाब आहे. अरे, १९९४चा नकाशा आजचा म्हणून दाखवला, ही फसवणूक नाही? न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? गुन्हा नोंदवत नसतील तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा; तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकारी.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे दडलेला दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा. पण साध्या काळजीने दिसला असता असा दोष त्यात धरत नाहीत, आणि आमच्याकडे कालवांच्या दगडाचा फोटो आहे. म्हणून साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच, लिहून घ्या: ताज्या मोजणीत भरतीरेषेच्या वर जेवढे गुंठे भरतील, तेवढ्याचेच पैसे.