अंडपेशीचं केंद्रक वाळवणारा मायक्रोवेव्ह: घ्यावा का?

पशुप्रजननाच्या प्रयोगशाळेची कायमची चिंता म्हणजे द्रव नायट्रोजन. उणे १९६ अंशांचा हा द्रव क्रायोकॅनमधून, म्हणजे तो साठवायच्या थर्माससारख्या भांड्यातून, रोज थोडा थोडा उडतो आणि भरण्याची एक फेरी चुकली की त्यात गोठवून ठेवलेलं सगळं हातचं जातं. त्याला पर्याय म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पिएर कोमिझोली यांच्या गटाने मांजरीच्या अंडपेशींवर कोरड्या साठवणुकीची पद्धत विकसित केली. त्यांनी वापरलेलं यंत्र सीईएम कंपनीचं, सॅम २५५ मायक्रोवेव्ह. असं यंत्र घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे परीक्षण.

आधी अपेक्षा नीट ठेवा. यात अख्खी अंडपेशी टिकत नाही. टिकतं ते अपक्व अंडपेशीचं मोठं केंद्रक, म्हणजे जर्मिनल व्हेसिकल. पुढे हे वाळवलेलं केंद्रक, स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या ताज्या अंडपेशीत बसवावं लागतं. सूक्ष्म हाताळणीची यंत्रणा आणि सरावलेला हात नसेल तर नुसतं वाळवून उपयोग नाही.

घरच्या ओव्हनमध्ये हे का जमत नाही? साध्या ओव्हनमध्ये पॉवर कमी केली तरी मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो आणि मग बंद पडतो. थेंब तापतो, थंडावतो, पुन्हा तापतो. वर एका कोपऱ्यात जास्त लहरी, दुसऱ्यात कमी. सॅमसारख्या यंत्रात कमी ताकद सलग मिळते, आणि खरे पैसे त्याचेच आहेत. उघड्यावर वाळवलं तर थेंबाला वरून काचेसारखी साय धरते आणि पाणी आत कोंडतं. वरून खडखडीत आणि आत ओले राहिलेले सांडगे आठवा. मायक्रोवेव्ह आतल्या पाण्यालाच हलवतो, त्यामुळे थेंब सगळीकडून सारखा सुकतो.

सुकताना केंद्रकाला आधार द्यायला साखर लागते: ट्रेहॅलोज, १.५ मोलर. बाटलीवर डायहायड्रेट (रेणूत पाणी धरलेली साखर) लिहिलेलं असेल तर १० मिलिलिटरला ५.६७ ग्रॅम घ्या. निर्जल साखरेचा हिशोब धरून ५.१३ ग्रॅम घातलेत तर द्रावण पातळ होईल. ही तीव्रता विद्राव्यतेच्या काठावरची आहे, त्यामुळे कोमट करून विरघळवा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, तळाशी खडे बसतात. ट्रेहॅलोज पेशीच्या पटलातून आपणहून आत जात नाही. आधी अल्फा-हिमोलायसिन या जिवाणूच्या प्रथिनाने पटलाला छिद्रं पाडायची आणि मग पेशी साखरेत ठेवायची. ही पायरी कच्ची राहिली तर साखर बाहेरच राहते, केंद्रक उघडं सुकतं आणि डीएनए तुटतो.

साखर आत गेली की थेंब फिल्टरच्या चकतीवर, आणि चकती यंत्रात. सुकवायला साधारण अर्धा तास, पण घड्याळावर विसंबू नका, वजन करा. २० मायक्रोलिटरच्या थेंबात कोरडी साखर साधारण १०.३ मिलिग्रॅम असते. ५ टक्के पाणी उरलं असेल तर वजन १०.८ येतं, १० टक्के उरलं तर ११.४. सगळा खेळ या अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमचा आहे. ट्रेहॅलोज सुकून काचेसारखं घट्ट होतं. पूर्ण कोरडं असेल तर ही काच शंभर अंशांच्या वर तापेपर्यंत घट्ट राहते, पण १० टक्के पाण्यानेच ती खोलीच्या तापमानाला मऊ पडते. मग साखरेचे स्फटिक होतात आणि केंद्रकाला आधार राहत नाही. म्हणून ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू नसेल तर यंत्राआधी तो घ्या.

सुकवण्याच्या कक्षातली हवा कोरडी हवीच. संपृक्त लिथियम क्लोराइडवर सापेक्ष आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते, आर्द्रतामापक त्यावर तपासून घ्या. मुंबईच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात चकती बाहेर काढून पाच मिनिटं टेबलावर ठेवली तरी ती चिकट होते. कोरड्या हवेच्या बंद पेटीतच चकती अॅल्युमिनियम अस्तराच्या पाकिटात घालून निर्वात करून बंद करा. प्लास्टिकच्या साध्या पिशवीतून बाष्प हळूहळू आत शिरतंच.

पुन्हा ओलं करताना थेट पाणी घालू नका, साखर टप्प्याटप्प्याने कमी करत न्या. प्रत्येक खेपेतली काही केंद्रकं टनेल चाचणीसाठी बाजूला काढा, डीएनए तुटलाय का ते तिथे कळतं.

उरुळी कांचनच्या बाएफ या पशुविकास संस्थेसारख्या कृत्रिम रेतन केंद्राला यात आज काही नाही. वीर्यासाठी नायट्रोजनच बरा. पण निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेनंतर मांजरींची अंडाशयं टाकून दिली जातात, आणि दुर्मीळ मांजरवर्गीय प्राणी मेला की त्याच्या अंडपेशीही त्याच्याबरोबर जातात. जिथे असा माल हाताशी येतो आणि नायट्रोजनचा टँकर पोचत नाही, त्या संशोधन गटाने हे यंत्र जरूर घ्यावं. सुरुवात मांजरीपासूनच करा.