चपडा पॉलिश: नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सासऱ्यांच्या वेळचं सागवानी फर्निचर, म्हणजे वेताची आरामखुर्ची, खालच्या बाजूला ड्रॉवर असलेलं कपाट, जेवणाचं टेबल आणि देवाजवळचे पाट, मागच्या दिवाळीनंतर आम्ही घरीच दुरुस्त करून पॉलिश केलं. आता गणपती तोंडावर आलेत. काम संपल्या संपल्या सगळंच चकचकीत दिसतं, त्यामुळे तेव्हाच्या फोटोंवरून कुणी काही ठरवू नये. नागपुरात खरी परीक्षा मे महिना घेतो आणि उरलेली पावसाळा. दोन्ही पार पडल्यावर माझं मत असं झालंय: खुर्ची, कपाट, पाट यांना चपडा लाखेचं, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिशच करा. जेवणाच्या टेबलाला मात्र करू नका.

आधी लाकडाबद्दल. जुनं सामान भंगारात द्यायच्या आधी लकडगंजच्या लाकूडबाजारात जाऊन चांगल्या सागाचा भाव विचारून या. आपल्याकडच्या जुन्या घरांत गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आलापल्ली-बल्लारशा पट्ट्यातला साग असायचा. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये याच भागातलं सागवान गेलं. आमच्या कपाटाची एकेक फळी इतकी रुंद आहे की आज तशी अखंड फळी घ्यायची म्हटलं तर खिसा रिकामा होईल. वरून काळंकुट्ट दिसणारं लाकूड आतून बहुतेक वेळा ठणठणीत असतं. कीड लागते ती सहसा कडेच्या पांढऱ्या लाकडाला. गाभ्याच्या तपकिरी लाकडाला ती सहज शिवत नाही. आमच्या कपाटाच्या मागच्या पट्टीला टाचणीएवढी भोकं होती आणि खाली पिठासारखी पूड पडत होती. ती पट्टी पूर्ण पांढऱ्या लाकडाची निघाली. ती बदलली, शेजारच्या भागात सिरिंजने कीडनाशक सोडलं, आणि त्यानंतर पूड दिसलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला खुर्चीच्या सांध्यांत, आणि तो द्यायलाच हवा. खुर्ची डुगडुगते म्हणून लोक खिळा ठोकतात. खिळ्याने लाकूड चिरतं, आणि पुढे गंज लागला की भोवती काळा डाग पसरतो. जुने सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, चिकटवलेले असतात. सरस गरम पाण्याने मऊ होतो. कापडाचा बोळा गरम पाण्यात पिळून सांध्यावर ठेवायचा, थोडं थांबायचं आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं. सांधा अखंड सुटून येतो, काही तुटत नाही. मग पटाशीने जुना सरस खरवडून लाकूड उघडं करायचं. ही पायरी गाळली तर वरून कितीही फेविकॉल ओता, तो लाकडाऐवजी जुन्या सरसाला धरतो आणि सहा महिन्यांत सांधा पुन्हा हलतो. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतला. कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची टोकं, जिथे सैल बसत होते तिथे सागाच्याच पातळ चिपळ्या घातल्या. महागडे क्लॅम्प लागले नाहीत. सुतळीचे वेढे देऊन मध्ये काडी घालून पीळ दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. महाल भागातले एक वयस्क मिस्त्री कधीमधी येऊन बघून जायचे. मी सकाळीच सुतळी सोडायला निघाले तर म्हणाले, "काहून घाई करता ताई, लाकूड कुठं पळून चाललं?" चोवीस तास दाब ठेवला. तेव्हापासून खुर्ची अजिबात हललेली नाही, आणि आमच्याकडे तिच्यात बसणारी माणसं काही हलकी नाहीत.

जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. आम्ही पेंट रिमूव्हर लावून बोथट पत्रीने रंग उतरवला आणि उरलेला पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून काढला. नंतर उघड्या लाकडावर १२०, १८०, मग २२० नंबर, नेहमी रेषांच्या दिशेने. खिळ्यांचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने गेले; हातमोजे घालूनच, आणि नंतर लाकूड पाण्याने नीट पुसून.

आता पॉलिश. इतवारीत चपडा सुटा मिळतो. एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, रात्रभर. लोखंडी डब्यात भिजवू नका, द्रावण काळवंडतं. लाखेत मेण असतं. बरणी न हलवता ठेवली की ते तळाशी बसतं आणि वरचं निवळ वापरता येतं. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, द्रावणात भिजवून पिळायचा, बोळ्याच्या तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट लावायचं आणि हात न थांबवता फिरवत राहायचं. हात थांबला की बोळा जागीच चिकटतो. पहिले दोन-तीन हात काहीच होत नाही असं वाटतं. मग एकदम रेषा आतून उजळायला लागतात, आणि तिथून पुढे सोडवत नाही. लागेल तेवढंच भिजवा. जुनं द्रावण नीट वाळत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात ते लवकर जुनं होतं. काम डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्यात स्पिरिट इतक्या झपाट्याने उडतं की बोळा ओढला जातो, आणि पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडतं. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळपास गॅस किंवा देवाचा दिवाही नको.

मे आला, पारा ४५ च्या वर गेला आणि कूलर सुरू झाला. कपाटाची एक बाजू कूलरच्या झोताच्या वाटेत येते. तीन आठवड्यांत त्या बाजूवर पांढुरकी झाक आली. ओल लाखेत शिरली की असं होतं. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. कूलरचं तोंड वळवलं आणि जेमतेम ओलसर केलेला स्पिरिटचा बोळा एकदाच भरभर फिरवला. झाक गेली, नंतर परतली नाही. खुर्चीच्या हातांवरची चमक घामाने आणि डोक्याच्या तेलाने मंदावली होती. तिथे पातळ पॉलिशचे दोन हात दिले, अर्ध्या तासात काम झालं. चपड्याची खरी किंमत मला इथे कळली. नवा थर जुन्या थराला विरघळवून त्याच्यात मिसळतो, म्हणून जिथे खराब झालं तेवढंच सुधारता येतं. पीयूला (पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पॉलिशला) ओरखडा पडला तर बहुतेक वेळा अख्खा पृष्ठभाग घासून पुन्हा करावा लागतो. मेलामाइन हे दुसरं तयार पॉलिश टणक असतं हे खरं, पण त्याचा डोळ्यांत जाणारा वास बंद घरात मला नको होता.

वेताची जाळी विणकराकडून करून घेतली, त्यात आपला हात चालत नाही. उन्हाळ्यात वेत वाळून कडक होतो, म्हणून आठवड्यातून एकदा खालच्या बाजूने पाणी शिंपडत होते. एकही पट्टी तुटली नाही.

टेबलाला मुद्दाम उकळलेलं जवसाचं तेल दिलं: पातळ हात, जादाचं तेल पुसून टाकायचं, दोन दिवस थांबून पुढचा हात. लाखेवर गरम पातेलं ठेवलं की पांढरं कडं उमटतं, तेलावर तसं पटकन दिसत नाही. मात्र हळदीचा डाग राहतो, आणि ताकाचा पेला रात्रभर राहिला तर ठसा दिसतो. वर्षातून दोनदा तेल द्यायची तयारी असेल तरच हे करा. नसेल तर टेबलाला सरळ पीयू बरं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, हे तर मी हात जोडून सांगते. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.

पावसाळ्यात कपाटाचे दोन ड्रॉवर फुगून अडले. रंधा मारायचा मोह आवरला, कडांना मेणबत्ती घासली, तेवढ्यावर चालतंय. ऑगस्टमध्ये तासलेला ड्रॉवर एप्रिलमध्ये खुळखुळतो. याच कारणाने पाठीमागची फळी खाचेत मोकळी ठेवली, चिकटवली नाही. उन्हाळ्यात ती आकसली तरी चिरली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आईचं देवघर घेणार आहे. त्यावर तुपाची काजळी आणि जुन्या व्हार्निशचे थर आहेत. ते आधी नुसत्या स्पिरिटने एका कोपऱ्यात पुसून बघणार. थर विरघळून फडक्याला लागला तर ती बहुधा लाखच आहे, आणि मग सगळं खरवडायची गरजच नाही.