काठमांडूचा 'राजा ते गणतंत्र' वॉक: ५ पैकी ३.५, आणि त्यातला दीड गाईडच्या खिशातल्या नोटेला

एप्रिल २०२५ मध्ये आईला घेऊन काठमांडूला गेलो होतो. पशुपतिनाथ झालं, रुद्राक्ष घेऊन झाले, एक सकाळ मोकळी होती तर हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने हा अर्ध्या दिवसाचा वॉक गळ्यात मारला. आधी नारायणहिटी राजवाडा, जो आता म्युझियम आहे, आणि मग चालत जुन्या दरबार चौकापर्यंत, म्हणजे वसंतपूरपर्यंत, विषय काय तर राजेशाही जाऊन गणतंत्र कसं आलं. माणशी १८०० नेपाळी रुपये म्हणजे आपले सव्वाअकराशे, म्युझियमचं तिकीट धरून. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रारी आहेत पण एका सकाळीवरून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

तक्रारी आधी. ग्रुप आठ जणांचा सांगितलेला, निघालो एकोणीस. पाऊण तास दरबार मार्गावर राजा महेंद्रच्या पुतळ्यापाशी उभे होतो, आई तिथेच एका कट्ट्यावर टेकून म्हणाली, राजाच्या वेळीही लोकांना असंच ताटकळत ठेवत असतील. मागच्यांना गाईडचा आवाज येत नाही, आणि आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही कायम मागेच. पहिला तासभर तर तो पाठ केलेलंच म्हणत होता, सन, नाव, सन, नाव.

राजवाडा मात्र बघाच. फोन आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवायचा, आणि त्यामुळे लोक खरंच डोळ्यांनी बघतात. इमारत जुनीपुराणी नाहीये बरं का, महेंद्रने बेंजामिन पोल्क नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टकडून साठच्या दशकात बांधून घेतलेली. आत भुसा भरलेले वाघ, परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या वस्तू, खोल्यांना जिल्ह्यांची नावं, आणि सोफे अगदी सत्तर सालचे. आई माझ्या कानात म्हणाली, "अरे हे आपल्या सरकारी सर्किट हाऊससारखंच दिसतंय." मुकुट बघायला मिळतो, मागे पक्ष्याच्या पिसांचा झुपका असलेला, तिथे गर्दी जास्त.

पण खरी जागा बाहेर आहे, मागच्या बाजूला. त्रिभुवन सदन. सदन कसलं, नुसता पाया राहिलाय, इमारत नंतर पाडून टाकली. १ जून २००१ ला रात्री इथे राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घरातली बाकी माणसं गोळ्यांनी मारली गेली. चौकशी समितीने ठपका ठेवला युवराज दीपेंद्रवर, आणि तो स्वतः गोळी लागून कोमात होता. आता गंमत, म्हणजे गंमत नाहीच, पण ऐका. वीरेंद्र गेल्यावर पुढचा राजा कोण, तर दीपेंद्र, आणि त्याला कोमात असतानाच राजा जाहीर केलं. ४ जूनला तो गेला आणि काका ज्ञानेंद्र गादीवर. चार दिवसांत तीन राजे.

ग्रुपमधले एक रिटायर्ड काका इथे बोलले आणि वॉक एकदम जिवंत झाला. काका म्हणाले, "काही म्हणा, राजा होता तेव्हा एक माणूस तरी सगळ्या देशाचा होता, आता सगळे पक्षाचे." गाईड थांबला. एरवी हसून सोडून देणारा पोरगा, त्याने पाठांतर बाजूला ठेवलं. म्हणाला, मी तेव्हा दीड वर्षाचा होतो अंकल, माझे बाबा आठवडाभर रडले, वीरेंद्र सगळ्यांना आवडायचे. पण मला सांगा, आवडता राजा गेल्यावर कोण येणार हे कुणी ठरवलं?

मग त्याने जे सांगितलं त्याचे १८०० रुपये वसूल. १९९० च्या जनआंदोलनानंतर वीरेंद्रने संवैधानिक राजा व्हायचं मान्य केलं, संविधान आलं, निवडणुका झाल्या, आणि दहा-अकरा वर्षं गाडं चाललं. पण चाललं ते बरंचसं वीरेंद्रच्या स्वभावावर. कारण त्याच संविधानात कलम १२७ होतं, अडचण आली तर ती दूर करायला राजाने हुकूम काढावा. ज्ञानेंद्रला अडचण काय वाटली, तर सरकारच. ऑक्टोबर २००२ मध्ये पंतप्रधान देउवांना अकार्यक्षम म्हणून काढलं, आणि १ फेब्रुवारी २००५ ला परत सरकार बरखास्त, आणीबाणी, देशातले फोन बंद, सगळा कारभार स्वतःकडे. तेच संविधान, तीच गादी, फक्त बसणारा बदलला. त्यानंतर एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवस लोक रस्त्यावर आणि २८ मे २००८ ला संविधान सभेत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही खलास, दोनशे चाळीस वर्षांची.

काकाही काही कच्चे नव्हते. म्हणाले, जनतेला थेट कुठे विचारलं? ऑस्ट्रेलियाने १९९९ ला मतदान घेतलं तर लोकांनी राणीच ठेवली. हा मुद्दा खरा आहे, नेपाळमध्ये यावर सार्वमत झालंच नाही, निवडून आलेल्या सभेने ठरवलं आणि राजेशाहीवाल्यांच्या मनात तो सल अजून आहे. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधीच, ९ मार्चला, ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला आले तेव्हा विमानतळावर हजारो लोक होते, घोषणा काय तर नारायणहिटी खाली करा, आमचा राजा येतोय. म्हणजे मी तिकीट काढून जे म्युझियम बघत होतो ते रिकामं करून मागणारे लोक गावात होते. काकांचा दुसरा मुद्दा, २००८ पासून एकाही पंतप्रधानाने पूर्ण मुदत काढली नाही, यावर गाईडकडे उत्तर नव्हतं. "हो अंकल, ते आहेच," एवढंच.

आई म्हणाली, "एक घर पोसायचं होतं, आता शंभर घरं पोसतायत." एकोणीसच्या एकोणीस जण हसले. मीपण.

तिथून शहीद गेटपर्यंत चालत. वर राजा त्रिभुवनचा पुतळा आणि खाली राणांच्या, म्हणजे तेव्हाच्या वंशपरंपरागत पंतप्रधानांच्या राजवटीने १९४१ मध्ये मारलेले चार हुतात्मे, त्यांच्यात राजा का, हा वाद नेपाळमध्ये जुनाच आहे. इथे गाईडने घाई केली, मला अजून थांबायचं होतं.

वसंतपूरला कुमारी घरासमोर शेवटचा थांबा. कुमारी म्हणजे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी. पूर्वी इंद्रजात्रेला राजा येऊन कुमारीकडून टिका लावून घ्यायचा, आता राष्ट्रपती येतात. काका लगेच, "बघा, राजा काढला पण पाट तसाच ठेवला." मला हे पटलं, पण उलट्या बाजूने. पाट ठेवला तर ठेवला, बसणारा बदलता येतो की. विद्यादेवी भंडारी राष्ट्रपती असताना पंतप्रधान ओलींच्या सांगण्यावरून त्यांनी संसद विसर्जित केली, एकदा डिसेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा मे २०२१ मध्ये, दोन्ही वेळा सुप्रीम कोर्टाने निर्णय फिरवून संसद परत बसवली, आणि २०२३ मध्ये मुदत संपली तशा त्या घरी गेल्या. म्हणजे राष्ट्रपतीसुद्धा चुकतोच, कळसूत्री बाहुलीसारखाही वागतो, पण त्याला एक्स्पायरी डेट असते. कोमातल्या दीपेंद्रला राजा करताना मात्र नियमावर बोट ठेवून 'थांबा जरा' म्हणायची सोयच नव्हती. त्यामुळे चांगला राजा की वाईट पुढारी अशी तुलना मला पटत नाही, चांगल्या राजानंतर काय येईल ते विचारा. माझं मत गणतंत्राच्याच बाजूने, पण ते सार्वमत घेऊन केलं असतं तर आज मोर्चे काढणाऱ्यांच्या हातात एक हत्यार कमी असतं.

आणि ती नोट. कुमारी घराच्या बाहेर गाईडने पाकिटातून एक जुनी नेपाळी नोट काढली. राजा जायच्या आधी कागद छापून तयार होता, त्यात राजाचा वॉटरमार्क, मग टाकून कसा देणार, म्हणून त्या जागेवर लालीगुराँसचं, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं फूल छापलं. त्याने ती आईच्या हातात दिली आणि म्हणाला, आमा, उन्हाकडे धरा. धरली तर लाल फुलाच्या आतून डोकं दिसतं, पुसट पण दिसतं. आईने बराच वेळ बघितली, मग शंभराची भारतीय नोट काढून म्हणाली देतोस का. तो हात जोडून नाही म्हणाला. हे अख्ख्या म्युझियमपेक्षा भारी होतं, खरं सांगतो, टूरवाल्यांनी हे ब्रोशरमध्ये टाकायला पाहिजे, तिथे नुसते पॅगोड्यांचे फोटो आहेत.

जाणाऱ्यांसाठी: म्युझियमची सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारूनच बुक करा, पाणी घ्या, गुडघ्यांचा त्रास असेल तर शहीद गेटनंतर टॅक्सी करा, आणि गाईडला चालता चालता प्रश्न विचारत राहा, नाहीतर तो सनावळी सोडत नाही.

हे लिहायला उशीर केला आणि मधे सप्टेंबरमधलं तरुण पोरांचं आंदोलन होऊन गेलं. ९ तारखेला सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळताना टीव्हीवर बघितला, संसद, सुप्रीम कोर्ट, सगळीकडे आग, ओलींचा राजीनामा, मग सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान. आई टीव्हीसमोर बसून विचारत होती तो नोटवाला मुलगा कसा असेल रे. राजाला बोलवा म्हणणारे होतेच, पण पोरांनी जी बाई पुढे केली ती माजी सरन्यायाधीश. दिवाळीला त्या हॉटेलवाल्याला मेसेज केला, वॉक चालू आहे म्हणाला, पोरगाही ठीक आहे. ग्रुप अजून एकोणीसचाच असतो का ते विचारायचं राहिलं.