ट्रेल का एन्ड्युरो? आधी पासिंगचं बघा, मग सस्पेन्शनचं

आमच्याकडची पोरं हल्ली नेहमी विचारतात, भाऊ तोरणमाळ, पाल फिरायचंय, शेतातही न्यायचीय, मग ट्रेल बाइक घेऊ का एन्ड्युरो. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, पुढे २१ इंची चाक, उंच मडगार्ड, अरुंद सीट, पण गाड्या अगदी वेगळ्या आहेत.

ट्रेल म्हणजे रोजची गाडी जी कच्च्यावरही चालते. मागे माणूस बसतो, ऑइल किलोमीटरवर बदलायचं, शहाद्याहून धडगावला जाऊन त्याच दिवशी परत या, काही होत नाही. खरी एन्ड्युरो ही रेसची गाडी. वजन जेमतेम १०५-११० किलो, सीट ९५० मिमीच्या वर, इंजिनात ऑइल लिटर-सव्वा लिटर, आणि सर्व्हिस तासांवर मोजायची, केटीएमच्या ३५० ईएक्ससी-एफचं ऑइल १५ तास चालवली की बदलायचं. म्हणजे दोन-तीन रविवार फिरलात की झालं. भुसावळच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत असली गाडी घेऊन कामावर जायचं असेल तर नका घेऊ, स्पष्ट सांगतो.

आता मुख्य मुद्दा. एन्ड्युरो रेसमध्ये एका जंगली टप्प्यातून दुसऱ्या टप्प्याला साध्या रस्त्याने, ट्रॅफिकचे नियम पाळून जायचं असतं, म्हणून तिला लाइट असतात आणि युरोपात नंबरही मिळतो. इथेच आपली पोरं फसतात, लाइट तर आहेच, हॉर्न आणि आरसे लावू, पासिंग होऊन जाईल. नाही होत. आपल्याकडे आधी ते मॉडेल एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास व्हावं लागतं, बीएस ६ (धुराचे नियम), आवाज, १२५ सीसीच्या वर एबीएस (चाक लॉक न होऊ देणारे ब्रेक), हे सगळं बघून, मग कंपनी प्रत्येक गाडीला फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमात बसते असा दाखला, देते. तो नसेल तर आरटीओत फाइल पुढे सरकतच नाही.

माझ्या चोपड्याच्या मित्राने सेकंड हँड, परदेशातून आलेली एन्ड्युरो घेतली, इंडिकेटर लावले, आरसे लावले, नंबर प्लेटचा ब्रॅकेटसुद्धा करून घेतला. तो ब्रॅकेट अजून रिकामाच आहे. गाडी पिकअपमध्ये टाकून शेतापर्यंत न्यायची आणि बांधाच्या आतच चालवायची, बस्स. कारण पाणंद रस्तासुद्धा कायद्याने सार्वजनिक जागाच, तिथे बिननंबरची गाडी चालत नाही. नंबर नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही, कुणाला धडक बसली तर सगळं तुमच्या अंगावर. मला हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण समोरचा बहुतेक आपल्याच गावचा असतो.

मग मधला रस्ता? आहे, आणि आता चांगला आहे. हीरोच्या एक्सपल्स या ट्रेल बाइकचं रॅली किट (उंच सस्पेन्शन वगैरेंचा संच) २०२० ला वेगळं मिळायचं, २०२३ च्या २०० ४व्ही प्रोमध्ये तसं सस्पेन्शन कंपनीतूनच आलं, पुढे २५० मिमी ट्रॅव्हल (म्हणजे चाक वर-खाली किती हलतं ते), मागे २२०, सीट ८९१ मिमी आणि पासिंगसहित. साध्या २०० ४व्हीला १९०/१७० आणि सीट ८२५. कावासाकीची केएलएक्स २३० पास होते, पण केएलएक्स २३०आर एस ही फक्त ऑफरोडची आहे, नाव नीट वाचा. २०२५ ला आलेली केटीएम ३९० एन्ड्युरो आर नावाने एन्ड्युरो असली तरी १७७ किलोची, रस्त्यावरची गाडी आहे, आणि टाकी फक्त ९ लिटर, सातपुड्यात आत जाताना पेट्रोलचा हिशोब ठेवा.

रावेरकडे जुलैमध्ये केळीच्या बांधावरून गेलात की काळी माती काय करते ते कळतं, साध्या गाडीचं खालचं मडगार्ड आणि टायर यांच्यात ती ठासून बसते, चाक फिरतच नाही, मग काडीने उकरत बसा. यासाठी उंच मडगार्ड आणि गुटक्यांचे टायर पुरतात आणि ते साध्या ट्रेललाही मिळतात, त्यासाठी रेसची गाडी लागत नाही. पण सायलेन्सर, चेसिस यांना हात लावू नका, कंपनीच्या मूळ रचनेत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. आणि यावल अभयारण्यात वाटेल तिथे गाडी घालायची नाही, गाडी कुठलीही असो.

माझं मत विचाराल तर एकच गाडी ठेवायची असेल तर ट्रेल. ट्रॅकवर खरंच उतरायचंय, पिकअप आहे, स्वतःचं रान आहे, तर एन्ड्युरो घ्या, दुसरी गाडी म्हणून. बघायला जाताना बूट घालून जा, सीटवर बसा, दोन्ही पाय कुठपर्यंत टेकतात ते बघा, आणि टोकन द्यायच्या आधी फॉर्म २२ मिळणार का ते लेखी घ्या.