रुग्णनोंदींचे ॲप, सात महिन्यांनंतर : दोनशे अक्षरांच्या चौकटीविषयी

गेल्या आठवड्यात रात्रपाळीत आमच्या वॉर्डातले टॅब साडेतीन तास सिंक झाले नाहीत आणि तेवढ्या वेळात जे घडले, त्यामुळे हा अनुभव लिहायला बसले आहे. मी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या दीर्घकालीन वॉर्डात परिचारिका आहे. खाटेशेजारी उभे राहून नोंदी करण्याचे हे ॲप आम्ही सात महिने वापरत आहोत. बॅटरी आणि लॉगिन यांविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे.

माझी तक्रार एकाच चौकटीविषयी आहे. ‘माझ्याविषयी’ नावाची ही चौकट रुग्णाच्या माहितीत चौथ्या पानावर आहे आणि तिच्यात दोनशेच अक्षरे मावतात. नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग, तापमान, प्राणवायूची पातळी आणि शुद्धीची अवस्था पहिल्या पानावर दिसते. या मोजमापांना गुण देऊन प्रकृती ढासळते आहे का, ते ओळखणाऱ्या न्यूज-२ पद्धतीची बेरीज ५ किंवा अधिक झाली, की लगेच इशारा येतो. ही सोय उत्तम आहे, आणि पूर्वी हाताने बेरीज करताना होणाऱ्या चुका त्यामुळे थांबल्या. परंतु आजाराआधी माणूस पाहावा, हा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंशाच्या काळजीसाठी मांडलेला विचार आमच्या कामाचा पाया आहे. रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारायची, त्याच्याजवळ कोणत्या बाजूने जायचे, आंघोळीला नकार देताना त्याला नेमकी कशाची भीती वाटते, हे दोनशे अक्षरांत लिहिता येत नाही.

याबाबत मी ॲपच्या सेवाकेंद्राकडे तीन वेळा लेखी तक्रार केली. दोनदा ‘मर्यादा रचनेचाच भाग आहे’ असे उत्तर आले. तिसऱ्यांदा फोन आला आणि ही माहिती कोणत्या अहवालात लागते, असे मला विचारण्यात आले. तो प्रश्न मला अजून बोचतो. जी माहिती अहवालात जात नाही, तिच्यावरच आमची निम्मी पाळी चालते.

तिसऱ्या महिन्यात माझे मत ‘हे ॲप घेऊ नये’ असेच होते. पाचव्या महिन्याच्या अपडेटमध्ये नातेवाइकांच्या आवाजातील नोंद ठेवण्याची सोय आली आणि ते मत मला बदलावे लागले. आमच्या एक आजी रोज सायंकाळी सहाच्या सुमारास अस्वस्थ होऊन दाराशी जात. स्मृतिभ्रंशात सायंकाळची अस्वस्थता नेहमीची, म्हणून आम्ही ती आजारातच जमा धरली होती. नोंदीत त्यांच्या मुलीने सांगितले, की त्या वेळी आई कामावरून सुटून मुलांना आणायला जात असे. त्यानंतर सहाच्या आधीच कोणीतरी त्यांच्याशेजारी बसून मुलांविषयी विचारू लागले, त्या बोलू लागल्या, आणि पुढचा महिनाभर शामक गोळी द्यावी लागली नाही. एवढ्यासाठी मी या ॲपची मनापासून ऋणी आहे.

मात्र सिंक बंद पडले, की या नोंदी उघडतच नाहीत. त्या रात्री दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेल्या सिस्टर डाव्या कानाने ऐकू न येणाऱ्या एका आजोबांजवळ नेमक्या डावीकडून गेल्या. अंगाला अचानक हात लागल्याने ते दचकून उठले आणि खाली पडले. इजा झाली नाही, पण त्या सिस्टर सकाळी पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना रडत होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती. डाव्या कानाची गोष्ट नोंदवलेली होती, पण ती बंद पडलेल्या टॅबमध्ये होती.

आता प्रत्येक खाटेजवळच्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड लावले आहे. ॲपमध्ये ते छापण्याची सोय नसल्याने चोवीसही कार्डे आम्ही सुट्टीच्या दिवशी येऊन हाताने लिहिली. हे ॲप घेण्याचा विचार असेल, तर प्रात्यक्षिकाच्या वेळी इंटरनेट बंद करायला सांगा आणि ‘माझ्याविषयी’ उघडते का, ते स्वतः पाहा. माझी चौथी तक्रार काल पाठवली आहे.