पफचे पैसे, थर्माकोलची पेटी

पिकअपवर आइसबॉक्स बांधून घेणार असाल, तर आतला पत्रा ठोकण्याआधी स्वतः जाऊन बघा. सगळी गडबड त्या पत्र्यामागेच होते.

आमचं पनीर-श्रीखंड सिन्नरहून नाशिकच्या कॉलेज रोड, पंचवटीच्या हॉटेलांत जातं. रोज बर्फ भरण्यापेक्षा पेटीला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर लावू म्हटलं. अंबडचा एक फॅब्रिकेटर म्हणाला, "दादा, आधी इन्सुलेशन सुधारा, नाहीतर कॉम्प्रेसर बॅटरी खाऊन टाकेल." सल्ला अगदी खरा होता, आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. कोटेशनमध्ये सगळ्या बाजूंनी १०० मिमी पफ (म्हणजे पॉलियुरेथेन फोम), घनता ४० किलो प्रति घनमीटर, असं स्वच्छ लिहिलेलं. पैसेही त्याच हिशेबाने घेतले. पेटी चकचकीत, दाराच्या कडेला पिवळसर फोम दिसतोय. कोण शंका घेणार?

एप्रिलच्या उन्हात कॉम्प्रेसर थांबेचना. आधी म्हणे गॅस कमी असेल, मग म्हणे तुम्ही दार सारखं उघडता, मग फोनच बंद. दुसऱ्या मेकॅनिकने पत्रा उचकटला. पफ फक्त दारापाशी! बाकी सगळीकडे थर्माकोलचे तुकडे, मधल्या फटी मोकळ्या. सांधे सील न केल्याने बाहेरची दमट हवा आत शिरून पाणी धरलेलं. ओलं इन्सुलेशन असून नसल्यासारखंच.

फोमचा १० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा कापून मागा. ४० घनतेचा पफ ४० ग्रॅमच्या आसपास भरतो, स्वस्त थर्माकोल त्याच्या निम्माही भरत नाही. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो, पफ विरघळत नाही (हा प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून लांब करा). पेटी बंद झाली असेल तर कॉम्प्रेसर न लावता भरपूर बर्फ ठेवा आणि २४ तासांत वितळलेलं पाणी मोजा. किलोभर बर्फ वितळायला सुमारे ९३ वॅट-तास उष्णता लागते. म्हणजे ५ किलो पाणी निघालं, तर साधारण १९ वॅट उष्णता सतत आत येतेय. ही चाचणी कोटेशनमध्येच लिहून घ्या, शेवटचा हप्ता त्यानंतर.

"धंद्याच्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही," हेही त्या फॅब्रिकेटरने ऐकवलं होतं. २०१९ च्या कायद्यात, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. कोटेशन आणि थर्माकोलचे तुकडे जपून ठेवलेत.